पंपात ३० मिली येतंय, म्हणजे हार्मोन कमी आहेत का?

तुमचा प्रश्न दोनदा वाचला. बाळ २२ दिवसांचं. सिझेरियन झालं, पहिले चार दिवस दूध उतरलं नाही म्हणून वरचं दूध सुरू केलं आणि ते अजून दिवसातून चार वेळा चालू आहे. दुसऱ्या आठवड्यात छाती दगडासारखी गच्च व्हायची, आता मऊ पडली आहे. पंप लावला तर दोन्ही बाजूंचं मिळून ३० मिली निघतं. कुणीतरी सांगितलं की हार्मोन कमी असतील, म्हणून तुम्ही विचारताय: प्रोलॅक्टिन (दूध बनवायला लावणारं हार्मोन) तपासून घेऊ का, आणि ते वाढवायची गोळी असते का?

गोळी असते, तिच्याबद्दल पुढे लिहिते. पण गेली १८ वर्षं मी बाळंतिणींना अंगावर पाजायला मदत करते आहे, आणि 'दूध कमी आहे' या तीन शब्दांत तीन वेगवेगळ्या तक्रारी दडलेल्या असतात हे रोज बघते. एक, दूध खरंच कमी बनतंय. दोन, दूध बनतंय पण बाहेर येत नाहीये. तीन, दूध पुरेसं आहे, फक्त आईला तसं वाटत नाहीये. तिघींचे उपाय वेगळे. तुमची नेमकी कुठली, हे मला तुमच्या लिहिण्यावरून ठरवता येत नाही, कारण सगळ्यात महत्त्वाचा आकडा त्यात नाही: बाळाचं वजन. जन्माचं किती, आत्ता किती, आणि २४ तासांत लघवी किती वेळा होते. हे कळेपर्यंत मी जे सांगणार आहे ते 'असं असेल तर तसं' या धर्तीवरचं आहे, हे लक्षात ठेवून वाचा.

आधी ते पहिले चार दिवस. तुमच्या मनात तिथेच गाठ बसलेली दिसते.

दुधाची तयारी गरोदरपणातच सुरू होते. इस्ट्रोजेन या हार्मोनमुळे दुधाच्या नळ्या वाढतात, प्रोजेस्टेरॉन या दुसऱ्या हार्मोनमुळे दूध बनवणाऱ्या पेशींचे घोस तयार होतात, आणि मेंदूच्या तळाशी असलेल्या पिच्युटरी ग्रंथीतून प्रोलॅक्टिन वाढत जातं. बाळंतपण जवळ येईपर्यंत ते नेहमीच्या सुमारे १० पट झालेलं असतं. मग एवढं प्रोलॅक्टिन असताना पोटात बाळ असतानाच दुधाच्या धारा का लागत नाहीत? कारण वारेतून येणारं प्रोजेस्टेरॉन त्याला धरून ठेवतं. थोडा चीक बनतो, त्यापुढे काम जात नाही. बाळ जन्मलं, वार पडली, की प्रोजेस्टेरॉन झपाट्यानं उतरतं आणि तो लगाम सुटतो. साधारण दुसऱ्या ते चौथ्या दिवशी छाती जड होते, ते यामुळे.

सिझेरियनमध्ये वार काढलेलीच असते, त्यामुळे हा लगाम तुमचाही सुटलेलाच होता. तरीही अशा बाळंतिणींना दूध उतरायला एखाद-दोन दिवस जास्त लागणं मी सर्रास बघते. बाळ पहिल्यांदा छातीशी उशिरा येतं, टाके दुखत असतात, कूस बदलता येत नाही, कधी रक्त जास्त गेलेलं असतं. पहिलटकरणींत, मधुमेह असलेल्यांत, वजन जास्त असलेल्यांत आणि कळा फार लांबलेल्यांतही हा उशीर दिसतो. हा उशीर म्हणजे कायमची कमतरता नव्हे. आणि तुम्हीच लिहिलंय की दुसऱ्या आठवड्यात छाती गच्च व्हायची. म्हणजे ती पायरी तुम्ही चढलेल्या आहात. माझ्या दृष्टीनं तुमच्या संपूर्ण प्रश्नातलं सगळ्यात दिलासा देणारं वाक्य तेच आहे.

वारेचा तुकडा आत राहिला असेल तर मात्र प्रोजेस्टेरॉन पूर्ण उतरत नाही आणि दूध अडतं. अशा वेळी रक्तस्राव बरेच दिवस जास्त राहतो, गाठी पडतात, कधी घाण वास येतो किंवा ताप येतो. यातलं काही असेल तर माझं पुढचं वाचत बसू नका, आजच बाळंतपण केलेल्या डॉक्टरांना गाठा.

आता प्रोलॅक्टिन. दूध बनवण्याचा हुकूम देणारं हार्मोन हेच. याची गंमत अशी की शरीर त्याला सतत दाबून ठेवत असतं. मेंदूतून येणारं डोपामिन पिच्युटरीवर हात ठेवून असतं. बाळ चोखायला लागलं की बोंडातल्या नसांमधून संदेश वर जातो, डोपामिनचा हात उचलला जातो आणि प्रोलॅक्टिन रक्तात येतं. पाजायला सुरुवात केल्यापासून साधारण अर्ध्या ते पाऊण तासात ते सर्वांत वर जातं, मग हळूहळू उतरतं. रात्री आणि पहाटे त्याची पातळी दिवसापेक्षा जास्त असते, म्हणून रात्रीचं पाजणं सुरुवातीच्या आठवड्यांत टाळू नका असं मी प्रत्येकीला सांगते, त्यांची झोप किती मोलाची आहे हे कळत असूनही.

यातूनच तपासणीचं उत्तर निघतं. सकाळी सहज रक्त दिलं आणि एक आकडा आला, तर त्याचा अर्थ काय लावायचा? पाजून किती वेळ झाला होता, त्यावर तो आकडा दुपटीनं बदलतो. शिवाय प्रोलॅक्टिन जास्त म्हणजे दूध जास्त, असा सरळ हिशेब नाही. महिने उलटतात तशी प्रोलॅक्टिनची पातळी खाली येत जाते, तरी बाळाला दूध पुरत राहतं. हुकूम पोचण्यापुरतं हार्मोन असलं की पुढचं काम दुसऱ्याच गोष्टीवर ठरतं. म्हणून ही तपासणी मी पहिल्या फटक्यात करायला सांगत नाही. करायचीच झाली तर एकदा पाजण्याआधी आणि एकदा पाजायला लागल्यापासून पाऊण तासानं अशी दोनदा, आणि तीही इतर सगळं बघून झाल्यावर.

दुसरं हार्मोन ऑक्सिटोसिन. याच्यासाठी आपल्या भाषेत आधीपासून शब्द आहे: पान्हा. गाय पान्हा चोरते असं आपण म्हणतो, तेव्हा सडात दूध नाही असं कुणी म्हणत नाही. दूध आहे, तिनं सोडलेलं नाही. माणसातही तंतोतंत हेच. दूध बनवणाऱ्या पेशींच्या प्रत्येक घोसाभोवती बारीक स्नायूपेशींचं जाळं असतं. ऑक्सिटोसिन आलं की हे जाळं आवळतं आणि दूध नळ्यांमधून पुढे ढकललं जातं. ते काही पंपासारखं सलग वाहत नाही, लाटांनी येतं. एका पाजण्यात असा पान्हा दोन-तीनदा, कधी त्याहून जास्त वेळा फुटतो. काहीजणींना पहिला जाणवतो, पुढचे कळतही नाहीत.

ते जवळून बघायचं असेल तर बाळाच्या हनुवटीकडे बघा. सुरुवातीला ते भराभर, उथळ चोखतं. एखाद्या मिनिटात चाल बदलते: हनुवटी खोल खाली जाते, क्षणभर थांबते, आणि घशातून हलकासा 'क्क' असा गिळल्याचा आवाज येतो. एक चोखणं, एक गिळणं. त्याच वेळी दुसऱ्या बाजूनं ब्लाऊज ओला होतो, तुम्हाला अचानक तहान लागते, पहिल्या आठवड्यात ओटीपोटात कळही येते, कारण हेच ऑक्सिटोसिन गर्भाशयही आवळतं. हे सगळं दिसत असेल तर तुमचा पान्हा व्यवस्थित फुटतोय.

ऑक्सिटोसिन मनाशी फार जवळून बांधलेलं आहे. बाळ रडलं, बाळाचा वास आला, पाजायची नेहमीची जागा दिसली, एवढ्यानंही ते सुटतं. आणि दुखणं, धास्ती, अवघडलेपण यांनी ते अडतं. १९४८ साली मायकेल आणि नाइल्स न्यूटन या दांपत्यानं हे प्रयोग करून दाखवलं होतं. पाजणाऱ्या आईला मुद्दाम त्रास दिला, पाय बर्फाच्या पाण्यात बुडवायला लावले, गणितं घातली. बाळाला मिळणारं दूध स्पष्ट घटलं. तसाच त्रास चालू ठेवून ऑक्सिटोसिनचं इंजेक्शन दिलं, तेव्हा बरंचसं दूध परत आलं. म्हणजे दूध तिथेच होतं, वाट बंद झाली होती.

तुमच्या ३० मिलीकडे मी या नजरेनं बघते. पंप हे यंत्र आहे, त्याला बाळाचा वास नाही. बऱ्याच जणींना त्याच्यासमोर पान्हा फुटतच नाही, किंवा अर्धवट फुटतो. माझ्याकडे आलेली एक आई दर अर्ध्या मिनिटाला बाटलीवरची रेघ वाचायची आणि प्रत्येक वेळी तिचे खांदे आणखी वर चढायचे. मी बाळाचा पायमोजा काढून त्या बाटलीवर चढवला, रेघा झाकल्या, बाळाला तिच्या मांडीला टेकवून झोपवलं आणि तिच्याशी तिच्या बहिणीबद्दल बोलत बसले. थोड्या वेळानं थेंब थेंब पडणारं दूध बारीक धारेनं पडायला लागलं. तेवढ्या वेळात तिच्या अंगात नवं दूध बनलं नव्हतं, पान्हा फुटला होता.

शिवाय ते ३० मिली तुम्ही कधी काढलंत? बाळाला पाजून झाल्यावर लगेच काढलं असेल तर ते उरलेलं दूध आहे, आणि उरलेलं ३० मिली चांगलंच म्हणायचं. पंपाच्या तोंडाला बसणाऱ्या कुप्पीचं माप चुकलं तरी दूध कमी निघतं. पंपात येणारं दूध म्हणजे अंगात बनणारं दूध नव्हे.

मऊ पडलेल्या छातीबद्दल. इथे तिसरी गोष्ट येते, आणि माझ्या मते तुमच्या प्रश्नाची किल्ली तिच्यातच आहे. पहिले काही दिवस दूध हार्मोनच्या जोरावर येतं. पाजा किंवा नका पाजू, छाती भरतेच. पुढे मात्र कारभार रक्तातून स्तनाच्या हातात येतो. स्तन भरून राहिला की आतूनच पेशींना 'पुरे' असा निरोप मिळतो आणि बनण्याचा वेग मंदावतो. रिकामा झाला की वेग वाढतो. शेळ्यांवरच्या प्रयोगांत एकाच बाजूचं दूध जास्त वेळा काढलं, तेव्हा त्याच बाजूचं उत्पादन वाढलं. दोन्ही बाजूंना रक्त तेच, हार्मोन तेच. आयांमध्येही बघा, बाळानं एक बाजू सोडली तर ती आटते आणि दुसरी छान चालू राहते. हार्मोन कमी पडले असते तर दोन्ही आटल्या असत्या.

म्हणून तिसऱ्या ते सहाव्या आठवड्यात छाती मऊ पडणं बहुतेकींच्या बाबतीत चांगलं लक्षण आहे. सुरुवातीचा गच्चपणा नुसत्या दुधाचा नव्हताच, त्यात सूजही होती. सूज उतरली, शरीराला बाळाच्या भुकेचा अंदाज आला. पण या वाक्यात एक 'पण' आहे. बाळाचं वजन वाढत असेल तरच हे लागू. वजन वाढत नसेल आणि दिवसातून चार वेळा बाटली जात असेल, तर मऊपणाचा अर्थ असाही होऊ शकतो की कमी काढलं म्हणून कमी बनतंय.

ते चक्र कसं फिरतं ते सांगते, कारण रोज बघते. पहिल्या चार दिवसांत वरचं दूध दिलं, त्यात तुमची चूक काहीच नाही. उपाशी बाळाला खायला देणं हेच पहिलं काम. पण पुढे दूध उतरल्यावरही बाटली चालू राहिली. बाटली घेऊन बाळ तीन तास झोपतं, तेवढा वेळ तुमची छाती भरून राहते, पेशींना 'पुरे' चा निरोप जातो, दुसऱ्या दिवशी थोडं कमी बनतं, बाळ कुरकुरतं, आणखी एक बाटली जाते. आईला वाटतं हार्मोन संपले. प्रत्यक्षात हार्मोन हुकूम देतच असतात, माल उचलला जात नाही म्हणून कारखाना मंदावलेला असतो.

पश्चिम ऑस्ट्रेलियातल्या पीटर हार्टमन यांच्या गटानं पूर्ण अंगावर पिणाऱ्या १ ते ६ महिन्यांच्या बाळांची २४ तासांची मोजमापं २००६ मध्ये प्रसिद्ध केली. सरासरी दिवसाला सुमारे ७८८ ग्रॅम दूध, पण फरक केवढा: कुणी ४७८ ग्रॅम, कुणी १३५६. स्तनात जेवढं दूध असतं त्यातलं बाळं एका वेळी सरासरी ६७ टक्केच पितात, दर वेळी पूर्ण रिकामं करत नाहीत. दूध साठवायची क्षमताही प्रत्येकीची निराळी असते आणि ती स्तनाच्या आकारावरून कळत नाही. साठा लहान असला तर थोड्या थोड्या वेळानं पाजावं लागतं एवढंच. दिवसभराचं दूध तेवढंच भरतं. शेजारणीचं बाळ तीन तासांनी पितं आणि माझं दीड तासानं, या तुलनेत काही अर्थ नाही तो यामुळे.

गोळीबद्दल कबूल केलं होतं. डोम्पेरिडोन आणि मेटोक्लोप्रमाइड ही औषधं डोपामिनला अडवतात, म्हणून प्रोलॅक्टिन वाढतं. काहीजणींना त्यांचा उपयोग होतो, विशेषतः बाळ वेळेआधी जन्मलेलं असून आई फक्त पंपावर असेल तेव्हा. पण माल उचललाच जात नसेल तर वरून हुकूम वाढवून फार काही साधत नाही. आणि ही औषधं निरुपद्रवी नाहीत. डोम्पेरिडोननं हृदयाची लय बिघडू शकते; अमेरिकेच्या औषध नियंत्रकांनी २००४ मध्येच दूध वाढवण्यासाठी ते वापरण्याविरुद्ध इशारा दिला होता. मेटोक्लोप्रमाइडनं मन खचू शकतं, आणि बाळंतपणानंतरच्या दिवसांत ती जोखीम लहान नाही. त्यामुळे डॉक्टरांनी तुमचा पूर्वेतिहास आणि चालू औषधं बघूनच हा निर्णय घ्यावा. कुणाच्या उरलेल्या पाकिटातली गोळी घेऊ नका.

हार्मोनचा खरा दोष असतोच नाही, असं मात्र मी म्हणणार नाही. थायरॉइड कमी असेल तर दूध कमी पडतं, आणि बाळंतपणानंतर थायरॉइड बिघडणं दुर्मीळ नाही; थकवा प्रमाणाबाहेर असेल तर ही तपासणी मी प्रोलॅक्टिनच्या आधी करायला सांगेन. बाळंतपणात अतोनात रक्त गेलं तर पिच्युटरीलाच इजा होऊ शकते, त्याला शीहान सिंड्रोम म्हणतात. त्यात दूध अजिबात उतरत नाही आणि पुढे पाळीही येत नाही. तुमची छाती एकदा गच्च भरलेली होती, त्यामुळे तुमच्या बाबतीत मला हे वाटत नाही. गरोदरपणात स्तन मुळीच वाढले नसतील, तर दूध बनवणाऱ्या पेशीच कमी असण्याची शक्यता असते. स्तनावर शस्त्रक्रिया झाली असेल तर नळ्या तुटलेल्या असू शकतात. आणि औषधं विसरू नका: इस्ट्रोजेन असलेल्या गर्भनिरोधक गोळ्या, सर्दीच्या गोळ्यांतलं स्यूडोएफेड्रीन, ही दूध घटवतात. गेल्या तीन आठवड्यांत यातलं काही घेतलं का, ते आठवून बघा.

आता तुमच्या जागी मी काय करेन.

आज बाळाचं वजन करा, शक्यतो जिथे आधी केलं त्याच काट्यावर, उघड्या अंगानं. दोन आठवड्यांपर्यंत जन्माचं वजन परत भरून यायला हवं, आणि पुढे दिवसाला साधारण २० ते ३० ग्रॅम वाढ हवी. २४ तासांत सहा किंवा जास्त वेळा फिकट लघवी हवी. वजन जन्माच्या वजनापर्यंतही आलं नसेल, बाळ पाजायला उठत नसेल किंवा लघवी गडद आणि मोजकी असेल, तर आजच बालरोगतज्ज्ञांना दाखवा आणि वरचं दूध अजिबात कमी करू नका.

वजन ठीक असेल तर कुणीतरी जाणकार तुमच्यासमोर बसून एक पूर्ण पाजणं बघेल असं करा. बाळाच्या तोंडात फक्त बोंड आहे की खालचा काळा भागही भरपूर आहे, एवढ्यानं केवढा फरक पडतो हे लिहून सांगता येत नाही. पाजताना दुखत असेल तर बहुधा पकड चुकते आहे, आणि दुखण्यानं पान्हाही अडतो. म्हणजे दोन्हीकडून नुकसान. टाक्यांवर बाळाचं वजन पडत असेल तर कुशीवर झोपून किंवा बाळाला बगलेखालून घेऊन पाजून बघा. वेदनाशामक गोळी डॉक्टरांनी दिली असेल तर सहन करत बसू नका, घ्या.

मग २४ तासांत आठ ते बारा वेळा पाजायचं, त्यात रात्रीचं निदान एक-दोनदा. बाळ चोखता चोखता नुसतं चघळायला लागलं की हातानं स्तन हलकेच दाबा. पुन्हा गिळण्याचा आवाज यायला लागतो. एक बाजू मऊ झाली की दुसरी. बाटली द्यायची ती आधी छातीला लावून मगच, आणि जेव्हा बाटली दिली जाईल तेव्हा पंप किंवा हातानं दूध काढायचं, म्हणजे शरीराला त्या वेळेची मागणी कळते. मिळालेलं १० मिली असो की ४०, तेच पुढच्या बाटलीत आधी घालायचं. वरचं दूध एकदम तोडू नका. दिवसभराच्या एकूण प्रमाणातून ३० ते ६० मिली कमी करा, दोन-तीन दिवस थांबा, वजन बघा, मग पुढचं पाऊल. या सगळ्याचा परिणाम दिसायला एक ते दोन आठवडे जातात. काहीजणींचं वरचं दूध पूर्ण सुटतं, काहीजणींना एखादी बाटली ठेवावी लागते, आणि तशी ठेवूनही महिनोन् महिने अंगावर पाजता येतं.

पुन्हा लिहाल तेव्हा एवढं कळवा: जन्माचं वजन, आजचं वजन, कालच्या २४ तासांतल्या लघव्या, पाजताना दुखतं का, ते ३० मिली पाजण्याआधीचं की नंतरचं, आणि रक्तस्राव आता कसा आहे. त्यावरून तीनपैकी तुमची तक्रार कुठली ते सांगता येईल.